पलंगाखालच्या विटा

सुनेला पाचवा महिना लागला आणि तिचं अंग, गर्भपिशवीचं तोंड, सुजून बाहेर आलं. डॉक्टरीणबाईंनी ते आत सारून रबरी रिंग बसवली. म्हणाल्या, "वजन उचलायचं नाही, पडून राहायचं. पलंगाच्या पायथ्याला दोन-दोन विटा लावा. दोनच हं, जास्त नकोत."

मग माझ्याकडे वळल्या. "पहिल्या बाळंतपणानंतर ही कामाला कधी लागली?"

"दहाव्या दिवशी. पाण्याच्या बादल्या उचलल्या. मीही उचलल्या होत्या, मला काय धाड भरली?"

खोटं बोलले. माझं अंग तीस वर्षं बाहेर येतंय. चिंध्या बांधून वावरते. तेव्हा सुइणीनं खाटेखाली विटा लावायला सांगितल्या होत्या. सासू म्हणाली, "माझ्याखाली कुणी लावल्या होत्या?" विषय संपला. सासूला जाऊन आता वीस वर्षं झाली.

मुलानं विटा लावल्या. चौथ्या दिवशी सकाळी केर काढताना पाहिलं, तर तीन-तीन.

"शहाण्या, दोन सांगितल्या होत्या."

"आई, मी हात नाही लावला. ती वर झोपलेली, पलंग लोखंडी. एकट्याला उचलेल तरी का?"

वरच्या काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन-तीन. वरच्या विटा आमच्या नव्हत्या. जुन्या, काळपट, आणि हाताला कोमट. कुणी मांडीवर घेऊन बसल्यासारख्या.

सुनेला विचारलं, "कोण लावतं गं?"

"तुम्हीच ना? दुपारी डोळा लागला की पायथ्याशी ऐकू येतं. तुम्ही वाकताना कण्हता, तस्संच."

दुपारी मी शेजारणीच्या घरी असते. तिला सांगितलं नाही. विटा काढणंही सोडलं.

पुढच्या तपासणीला सूज उतरलेली. "सासूबाई, छान काळजी घेताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी मान डोलावली. आयतं आलेलं कोण सोडतं?

नवव्यात कळा सुरू झाल्या. रिंग काढली. पिशवीचं तोंड पुन्हा सुजलं, उघडेना. ऑपरेशन केलं. मुलगी झाली. दोघी ठीक.

संध्याकाळी एकटीच घरी आले. सुनेचा पलंग जमिनीला टेकलेला. एकही वीट नाही.

मी माझ्या खाटेवर पडले. डोकं खाली गेलं, पाय वर.

अंग आपलं आपण आत सरकलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

पायथ्याशी कुणीतरी कण्हलं.

"दोनच, सासूबाई," मी म्हटलं.

खाट आणखी एक वीट वर गेली.