सकाळी सात ते साडेसात

क्रांतीबाईंचं पत्र येऊन सव्वीस दिवस झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

सारी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाला पत्र लिहिणं जड जाऊ नये. मला जातं. दुसऱ्यांची वाक्यं मी चौतीस वर्षं झाडूनपुसून ठेवली. स्वतःचं एक लिहायला बसलो की हे खरं आहे का, या वयात शोभतं का, कुणी हसेल का, असं करता करता चहा गार होतो आणि कागद कोरा राहतो.

पत्र पाटणहून आलेलं. दोन पानं, निळी शाई, ओळी उजवीकडे किंचित चढत गेलेल्या. त्यात त्यांनी एकच गोष्ट विचारली होती. पण ती कळायला आमची गाठ कशी पडली, तिथून सुरुवात करायला हवी.

आदल्या पावसाळ्यात आमच्या भागात ड्रोनची धास्ती पसरली होती. रात्री आभाळात दिवे फिरतात, चोर वरून घरं हेरतात, असं जो तो सांगायचा. सांगलीपासून साताऱ्यापर्यंत गावोगाव लोक गच्चीवर जागे. आणि नेमका त्याच दिवसांत माझा पुतण्या अरिहंत मला ड्रोन देऊन गेला. दोन पेरूंच्या वजनाचा, घडी घालून खिशात मावेल असा. म्हणाला, "काका, पुस्तकातनं मान वर काढा जरा."

मी मान वर काढली. कृष्णेच्या घाटावर उभा राहून सकाळी तो उडवायला लागलो. जिथे जन्म गेला ते गाव वरून किती निराळं दिसतं... उसाच्या हिरव्या चादरी, मधून वळत गेलेली नदी, आणि घाटावर ठिपक्याएवढा मी. स्वतःला इतकं लहान बघून मला फार बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी आकाराम काठी घेऊन आला. त्याच्यामागे वीसेक माणसं. आकाराम म्हणजे माझा जुना विद्यार्थी, आता पाच एकर उसाचा धनी. मला बघून त्याची काठी खाली आली, पण तोंडावरचा संशय गेला नाही.

"आवं सर," तो म्हणाला, "तुमी सुदिक?"

मी ड्रोन खाली उतरवून पायाशी ठेवला. कुणीतरी चौकीत फोन केला होता. थोड्या वेळाने स्कूटरवरून एक बाई आल्या. खाकी वर्दी, पन्नाशी ओलांडलेली, भुरभुर पावसाने टोपीवर बारीक थेंब जमलेले. हवालदार क्रांती शिंदे. त्यांनी आधी ड्रोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटतं, दोन्ही त्यांना सारखेच निरुपद्रवी वाटले असावेत.

कागद आहेत का, म्हणून त्यांनी विचारलं. माझ्याकडे फाइल होती. नियमांची छापील पानं, कुठे उडवता येतं त्याचा नकाशा, खरेदीची पावती, आणि वर अनुक्रमणिका. क्रांतीबाई घाटाच्या पायरीवर बसल्या आणि वाचायला लागल्या. गर्दी कंटाळली. निम्मी माणसं धारा काढायला परतली. त्या वाचतच होत्या. नऊच्या नऊ पानं. मी दिलेलं काही एवढं मन लावून शेवटपर्यंत वाचणारी बाई मला पहिल्यांदाच भेटत होती.

"कागद बरोबर हायत," फाइल मिटत त्या म्हणाल्या. "पण लोकांना भ्या वाटतंय, ते काय कागदानं जायचं न्हाई."

मग त्यांनीच तोड काढली. दर शनिवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारायचं. शिपाई नानासो खाकरून गळा साफ करायचा आणि सांगायचा, "उद्या रविवार, सकाळी सात ते साडेसात भूपाल सर ड्रोन उडवणार हायत. कुणी घाबरू नये. दगड मारू नये." पुढे धान्याच्या दुकानाची वेळ. असं पुकारून छंद करणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात मी एकटाच असेन. पहिल्या रविवारी लाजेने मी घराबाहेर पडत नव्हतो. माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काताईने, चप्पल पुढ्यात आणून ठेवली.

घाटावर क्रांतीबाई आधीच आलेल्या. म्हणाल्या, बंदोबस्ताला आलेय.

उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, म्हणून मी छत्री नेत असे. त्या छत्रीखाली वाकून त्या पडदा बघायच्या. खोबरेल तेलाचा आणि इस्त्रीच्या कपड्याचा वास यायचा, आणि माझ्या अंगठ्याखालचा ड्रोन उगाच डावीकडे भरकटायचा.

"सर, तुमचा किडा कुठं निघाला?"

"वारा आहे वर..."

"खाली तर पान हलंना झालंय." त्या पडद्यावरून नजर न काढता हसायच्या.

हळूहळू रविवार भरत गेला. त्यांचे यजमान फौजेत होते, ते जाऊन चौदा वर्षं झाली होती. माझं लग्न राहूनच गेलं होतं. का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो की विचारायचं कसं हे ठरवण्यात. त्यांनी छत्री सरळ केली. मग म्हणाल्या, "अजून ठरंना व्हय?" मी ड्रोन खाली उतरवला. बॅटरी निम्मी शिल्लक होती.

आमच्या जैनाच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण. आक्काताईने एकदा त्यांना जेवायला बोलावलं, ते पुढे नेहमीचंच झालं. ड्यूटी संपली की त्या स्कूटर दामटत यायच्या, टोपी खुंटीला लावायच्या आणि सूर्याकडे बघत विचारायच्या, "गावतंय का आज?" खिडकीतून तिरपं ऊन ताटावर यायचं. आक्काताई वाढता वाढता एकदा माझ्याकडे बघायची, एकदा त्यांच्याकडे, आणि देवाशी बोलल्यासारखं पुटपुटायची, "एकाला सांगता येईना, दुसरीला इचारता येईना."

एकदा मी त्यांना विचारलं होतं, चुकून पोलीस कॅमेऱ्यात आले तर गुन्हा होतो का. त्या म्हणाल्या, आम्ही भर रस्त्यात काम करतो, त्यात झाकायचं काय? साहेब लोकांना आवडत नाही ते निराळं.

दसऱ्यापर्यंत गाव ड्रोनला इतकं सरावलं की वर बघणंही लोकांनी सोडून दिलं. बाया धुणं आपटत राहायच्या, म्हशी डुंबत राहायच्या. घरघर आली की माणसं घड्याळ लावायची.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी उसाच्या दरासाठी शेतकऱ्यांनी पुलावर ट्रॅक्टर अडवले होते. मला नदीवरचं धुकं टिपायचं होतं. नानासोने आदल्या दिवशी नेहमीसारखं पुकारलं होतं, म्हणून मी सातला उडवला. क्रांतीबाई त्या दिवशी घाटावर नव्हत्या, पुलावर खऱ्या बंदोबस्ताला होत्या. तालुक्याहून एक नवे साहेब आले होते. धुक्यातून पूल वर आला, तशी त्यावर रेटारेटी दिसली. मी घाबरून ड्रोन परत आणला.

दुपारी कळलं की साहेबांचा हात मोडला आणि आकारामने त्यांना ढकललं म्हणून त्याला उचलून नेलं. क्रांतीबाई साहेबांच्या अगदी शेजारी होत्या. त्यांनी पाहिलं, असा त्यांच्या सहीचा जबाब होता.

संध्याकाळी मी चित्रण लावलं. साहेब हात उगारून पुढे निघतात, रस्त्यावर सांडलेल्या, दवाने भिजलेल्या उसाच्या पाचटावर त्यांचा पाय सरकतो, आणि ते पडतात. आकाराम चार हात लांब आहे, दोन्ही हातांत झेंड्याची काठी धरून. सगळं स्वच्छ दिसतं. साहेब पडतात त्या क्षणी पुलावरची सगळी डोकी तिकडे वळलेली आहेत. फक्त एक चेहरा वळलेला नाही. क्रांतीबाई मान वर करून थेट माझ्याकडे बघताहेत. टोपी सावरायला एक हात वर गेलाय. आणि त्या हसताहेत... घाटावर हसायच्या तशाच.

माझ्याकडे असं कुणी बघत असेल हे मला ठाऊक नव्हतं. ती चार सेकंदं मी किती वेळा लावली, सांगायची लाज वाटते. त्याच चार सेकंदांत हेही दिसत होतं, की त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. जबाब खोटा होता. हे चित्रण बाहेर गेलं तर आकाराम सुटणार होता, आणि निवृत्तीला चार वर्षं राहिलेल्या क्रांतीबाईंची वर्दी जाणार होती.

मी ड्रोनमधलं कार्ड काढून कपाटात ठेवलं आणि कपाट बंद केलं.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. माहेराजवळ, पाटणला त्यांनी कधीची मागितलेली बदली तेवढ्यात झाली. जाताना आक्काताईला भेटून गेल्या. मी आतल्या खोलीत पुस्तकं लावत बसलो होतो. बाहेर आलो नाही. महिन्याभराने ते पत्र आलं.

"सर, फोनवर तुम्ही नुसतं हूं हूं करता, म्हणून लिहिते. त्या दिवशी साहेब म्हणाले, तू शेजारीच होतीस, तुला दिसलंच असणार, कर सही. मी केली. तीस वर्षं साहेब म्हणतील तिथं सही केली, हात आपोआप गेला. पण मला काही दिसलं नव्हतं. मी वर बघत होते. का बघत होते ते तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर राहू द्या. तुमच्या ड्रोनमध्ये सगळं आलं असणार. आकारामनं ढकललं का नाही? आणि मी तेव्हा कुठं बघत होते? दोन्ही खरं लिहा. नसेल ढकललं तर मी जबाब फिरवणार. माझं काय होईल ते तुम्ही ठरवायचं नाही. तेवढं मला ठेवा."

एवढं स्वच्छ पत्र. आणि सव्वीस दिवस मी नेमकं तेच ठरवत बसलो होतो. त्यांना वाचवतोय असं स्वतःला सांगत होतो. खरं तर मी लिहिलं की हे संपणार, याची मला भीती होती. न लिहिता ती चार सेकंदं तरी माझी राहत होती.

सत्ताविसाव्या दिवशी आकाराम आला. जामिनावर सुटला होता. दाढी वाढलेली, खांदे पडलेले. चित्रणाचं त्याला काही ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं, वर बघायचं सगळ्यांनी सोडलं होतं ना. कायद्याचं एखादं पुस्तक आहे का, म्हणून तो विचारायला आला होता. मी पुस्तक शोधत होतो आणि तो मागे बसून स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होता.

"सर, मी न्हाई ढकललं. पण रोज जो तो इचारतोय. वकील इचारतोय, घरात बायको इचारती. आता रातीला मलाच वाटतंय, ढकललं असंल. माझा हात लागला असंल आन् मलाच कळलं नसंल."

पुस्तक माझ्या हातात तसंच राहिलं. स्वतःवरचा विश्वास उडणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. मी ते जन्मभर भोगलंय. पण हा माणूस ते माझ्यामुळे भोगत होता, माझ्या कपाटातल्या नखाएवढ्या कार्डामुळे.

"आकाराम," मी म्हणालो, "तू ढकललं नाहीस. ये, बस इथे."

त्याने चित्रण तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्याने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ह्या बाई वर काय बघत्यात?" मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बोट काढून घेतलं. इतके दिवस चित्रण दाबून ठेवलं म्हणून त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तो एवढंच म्हणाला, "लय येळ लावला सर."

एक प्रत मी त्याच्या वकिलासाठी करून दिली. दुसरी पाटणसाठी केली आणि लिहायला बसलो. त्या दिवशी चहा गार झाला नाही, कारण तो मी मागितलाच नव्हता.

"क्रांतीबाई, आकारामने ढकललं नाही. साहेब पाचटावरून घसरले. तुम्ही वर बघत होता. सोबत चित्रण आहे, एक प्रत वकिलाकडे गेली आहे. उत्तराला सव्वीस दिवस लावले, ते तुमचं भलं मीच ठरवत बसलो म्हणून. चुकलो. जबाब फिरवायला जाल त्या दिवशी मी पाटणला येईन. तिथे माझा उपयोग काय होईल, ठाऊक नाही; पण बाहेर बाकावर बसेन. वर्दी राहिली तर राहिली. नाही राहिली तर आमच्याकडे जेवण दिवस मावळायच्या आत होतं, तेवढं सांभाळावं लागेल, रोज. विचारायचं कसं हे माझं अजून ठरलेलं नाही. म्हणून न ठरवताच विचारतो आहे. भूपाल मगदूम."

परत वाचलं असतं तर फाडलं असतं. म्हणून वाचलं नाही. आक्काताईला सांगून निघालो. तिने कुठे, असं विचारलंसुद्धा नाही, उंबऱ्यापर्यंत येऊन उभी राहिली.

पोस्टात बनुबाई खिडकीशी होत्या. त्यांनी पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता मोठ्याने वाचला, आणि साधं पाठवू का रजिस्टर, म्हणून विचारलं.

"रजिस्टर," मी म्हणालो. आवाज माझाच होता, जरा मोठा निघाला.

त्यांनी शिक्का उचलला. मला एकदा वाटलं, थांबवावं, शेवटची ओळ तरी खोडावी... तोवर तो पडला. पाकीट त्यांनी मागच्या पोत्यात टाकलं आणि पुढच्या माणसाला हात केला.