चाळीस अंशांवरची रेघ

मामांनी काउंटरवर जुना टॉवेल पसरला आणि त्यावर तिसरं हेड ठेवलं. मामा म्हणजे कोणाचेच मामा नव्हेत. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळं गाव तसं म्हणतं.

"जावई शोधताना लोक एवढी चिकित्सा करत नाहीत," ते म्हणाले.

"जावयाला महिनाभर खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभं राहायचं नसतं."

माझं काम तसं सोपं होतं. बंदराच्या भिंतीला भेग पडली होती. ती वाढते आहे का हे कळावं, म्हणून समोरच्या खडकावरून रोज सकाळी नऊ वाजता एक फोटो काढायचा, आणि चौकट तसूभरही हलू द्यायची नाही. ट्रायपॉडचे पाय त्या वाऱ्यात टिकले नसते, त्यामुळे बंदराच्या ऑफिसने खडकात लोखंडी खांब रोवून दिला होता. त्याच्या माथ्यावरचं हेड, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो आणि वळतो तो भाग, तेवढं मी निवडायचं होतं. कॅमेरा मी रोज घरी आणायचे. हेड तिथेच पावसात राहायचं.

भिंतीमागचं पहिलं घर माझ्या ताईचं. भेग वाढतेय असं फोटोंतून सिद्ध झालं, तरच साहेब घरं रिकामी करायची नोटीस काढणार होते. चौकट हलली की सगळे फोटो कचऱ्यात जमा. म्हणून माझी ही चिकित्सा.

पहिलं हेड गोळ्यावर फिरणारं होतं. एकच स्क्रू आवळायचा की काम झालं. पण सांध्यात वाळू शिरते आणि थंडीने आतलं ग्रीस आखडतं, म्हणून चौथ्या दिवशी फोटो डावीकडे सरकला तेव्हा मी माझ्या निवडीलाच दोष दिला. दुसरं तीन दांड्यांचं घेतलं. प्रत्येक दिशेला वेगळी दांडी, जाड हातमोज्यांतही पकडता येईल अशी, आणि तळाशी कोरलेले अंश दाखवणारा काटा. ते चाळीसवर आवळलं आणि सवयीप्रमाणे सांध्यावरून नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. अर्धी रेघ स्थिर भागावर, अर्धी फिरणाऱ्या भागावर. हेड केसभर सरकलं तरी रेघेचे दोन तुकडे होतात. बाटली ताईची. तिच्या आरशासमोरून मी न विचारता उचलली होती, आणि त्यावरून ती मला चोरटी म्हणायची.

दुसऱ्या दिवशी काटा त्रेचाळीसवर होता. तिसऱ्या दिवशी सत्तेचाळीसवर. रेघ मात्र अखंड होती.

मी नखाने ती खरवडून पाहिली. वाळलेली, सलग, एका दमात ओढलेली माझीच रेघ.

फोटोंमध्ये भिंत उजवीकडून बाहेर जात होती आणि डावीकडून ताईचं घर आत येत होतं. आठव्या दिवशी तिच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर मधोमध आली. फोटो काढला तेव्हा खिडकी रिकामी होती. मिनिटभराने ताई तिथे आली आणि कप विसळू लागली.

मी तिच्याकडे गेले, घर सोड म्हणून हातापाया पडले.

"ती भिंत तुझ्या जन्माआधीपासून उभी आहे," ताई म्हणाली. "तुझं खेळणं हलतंय आणि घर मी सोडू होय गं?"

"भेग खरी आहे, ताई."

"मग तुझ्या साहेबाला येऊ दे सांगायला."

आई गेल्यावर माझी वेणी तिनेच घातली होती. तिच्याशी वाद घालून मी आजवर जिंकलेले नव्हते.

म्हणून मी पुन्हा मामांच्या काउंटरशी उभी होते.

"हे दातेरी," मामा म्हणाले. "ही मूठ फिरवल्याशिवाय आतले दात सुटत नाहीत. वारा सोडा, याला घोडा बांधला तरी वळायचं नाही."

"आणि परत केलेली ती दोन?"

"उघडून पाहिली. बिघाड काही नाही." ते टॉवेलची कड सरळ करत राहिले. "फक्त एक आहे. फळीवर कशीही ठेवली तरी दुपारपर्यंत दोघांचं तोंड एकाच बाजूला होतं."

"कुठल्या?"

त्यांनी हनुवटीने बंदराकडे खूण केली आणि हसले. मला हसू आलं नाही.

दातेरी हेड मी त्याच दिवशी बसवलं. चाळीस अंश, लाल रेघ. मूठ काढून खिशात टाकली आणि घरी आणली. आता ते फिरवणं मलाही शक्य नव्हतं.

सकाळी काटा दोनशे दहावर होता. हेडने भिंतीकडे पाठ केली होती. कॅमेरा बसवून पाहिलं, तर चौकटीत गावातली एक इमारत आणि मधोमध तिसऱ्या मजल्यावरची बंद खिडकी. पडदा ओढलेला. ती माझ्या खोलीची खिडकी होती. मूठ लावून हेड मागे आणायला गेले, तर ती जागची हलेना. रेघ अखंड.

मी घाबरले, सरळच सांगते. त्या दुपारी ताईसमोर सगळे फोटो मांडले. ती फोटोंपेक्षा माझ्याकडेच जास्त वेळ बघत राहिली.

"तुझा चेहरा बघून येते," ती म्हणाली. "फोटो बघून नाही."

संध्याकाळी ती दोन पिशव्या घेऊन माझ्या खोलीत आली. "किती कोंदट ठेवतेस गं," म्हणत तिने पडदा सारला, खिडकी उघडली आणि तिथेच उभी राहिली. तेव्हा मला कळलं, की ती येणार हे तिलाही ठाऊक नव्हतं त्या वेळी हेड या खिडकीकडे पाहत होतं. पण ताई भिंतीपासून दूर होती, माझ्याजवळ होती. मला तेवढंच पुरे होतं. तो विचार मी गिळून टाकला.

सकाळी वादळ होतं. लाटा उसळत असल्या की भिंतीवरून जायचा जवळचा रस्ता ऑफिस दोर बांधून बंद करतं, म्हणून मी टेकडीमागून लांबच्या वाटेने गेले. ताई झोपलेलीच होती.

काटा चाळीसवर होता.

कॅमेरा बसवला. भिंत जागेवर, भेग बरोबर मध्यात. पहिल्या दिवसाची तीच चौकट. भेग तेवढीच होती, जराही वाढलेली नव्हती. मी वाऱ्यात एकटीच मोठ्याने हसले. बोटं बधिर झाली होती, तेव्हा कुठे हातमोजे राहिल्याचं लक्षात आलं.

फोन वाजला. ताई.

"अगं वेंधळे, हातमोजे टेबलावरच! घेऊन आलेय."

"कुठे आहेस?"

"आलेच. तो दोर ओलांडला बघ, तरी कसला मेला बांधतात..."

"ताई, परत फिर! आत्ताच्या आत्ता!"

"काय? वाऱ्यात काही ऐकू येत नाही गं. दिसलीस मला, दिसलीस."

फोन कट झाला. पुन्हा लावला, उचलला नाही.

मी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि सगळं अंग त्यावर टाकलं. हेड कुठेही वळू दे, इथे नको. दात सुटले नाहीत.

स्क्रीनवर उजव्या कडेने ताईचा पिवळा रेनकोट आत आला.

मी ओरडत होते. ती वाकून, कठड्याला धरून, हळूहळू चालत होती.

चौकटीच्या मध्यावर, बरोबर भेगेच्या वर, ती थांबली, माझ्याकडे वळली आणि हातमोजे उंच धरून हलवू लागली.

मी खाली हेडकडे पाहिलं. काटा चाळीसवरच होता. रेघ मधोमध तुटली होती.