एकावन्न पत्ते

गोकुळाष्टमी जवळ आली, सातम-आठम लागली, की सुरतेत पत्ते न कुटणारं घर शोधून सापडायचं नाही. तिथल्या कोसाड भागातल्या त्या इमारतीत मात्र एक होतं — जयश्रीचं. आई जाऊन वर्ष झालं, तरी तिच्या हातून दोघींचाच भात पडायचा. दिवसभर घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या, आणि टीव्ही सुरू ठेवायचा तो नुसता कुणीतरी बोलत राहावं म्हणून. शेजारच्या शांताबाई हाक मारायच्या, "जयू, येकलीच काय करी ऱ्हायनी? पत्ता खेयाले ये." ती म्हणायची, काम आहे काकू. काम कसलं डोंबलाचं. घरोघरी जोड्या बसलेल्या, त्यात आपण कुठं शिरायचं, एवढंच.

त्या दुपारी वारा सुटला आणि वरच्या गॅलरीतून पत्तेच पत्ते तिच्या वाळत घातलेल्या चादरीवर येऊन पडले. मागोमाग दारात एक उंच, ओशाळलेला मुलगा.

"माझे पत्ते... तुमच्याकडे आले."

"मग? पाहुणचार करू त्यांचा?"

"माझाही केला तरी चालेल," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

हा योगराज. शिरपूरकडचा, कापडाच्या लूमवर कामाला, वरच्या खोलीत एकटाच. गोव्याच्या एका कॅसिनोत पत्ते वाटायची नोकरी त्याला मिळायची होती. तिथं ब्लॅकजॅकच्या टेबलावर काही गिऱ्हाइकं मनात पत्ते मोजतात म्हणे. त्यांना ओळखायचं, तर आधी स्वतःला मोजता यायला हवं.

"दुर्रीपासून छक्कीपर्यंत आलं की अधिक एक. दश्शी, चित्रं, एक्का — उणे एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची."

"आणि मोजून काय मिळतं?"

"लहान पत्ते निघून गेले की मागे मोठे उरतात. मग खेळणाऱ्याची चलती. आणि अख्खा कॅट संपला की बेरीज शून्यच यायला हवी. भराभर शून्य आलं की मी निघालो गोव्याला." त्यानं गोळा केलेले पत्ते तिच्यापुढं धरले. "स्वतःच वाटून स्वतःच मोजण्यात अर्थ नाही... तुम्ही वाटाल?"

दार सताड उघडं ठेवून ती रोज संध्याकाळी वाटू लागली. टिकल्या उचलून बोटं चपळ झालेलीच होती. चहा दोन कप व्हायला लागला. टीव्ही बंद राहायला लागला.

पहिल्याच संध्याकाळी, तो वर गेल्यावर, चादरीच्या घडीतून बदामची राणी पडली. परत द्यायची, दुसरं काय. पण 'शून्य आलं की मी निघालो' हे कानातून जाईना. तिनं राणी टिकल्यांच्या डब्याखाली सरकवली. चोरी ती चोरीच, पण एकटं जेवून बघितलेल्या माणसानंच तिला बोल लावावा.

"अधिक एक," तो शेवटी म्हणायचा. "चुकलं वाटतं."

"मग उद्या पुन्हा," ती मान खाली घालून म्हणायची.

"मोजताना तुमचे ओठ हलतात," एकदा तो म्हणाला.

"बघता कशाला?"

"सवय आहे. लूमच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही. आम्ही ओठ वाचूनच बोलतो."

तेव्हापासून ती ओठ घट्ट मिटून वाटायची.

मग गोव्याहून बोलावणं आलं. तो बॅग घेऊनच दारात उभा. शेवटचा डाव झाला.

"अधिक एक."

"चुकलं," ती कशीबशी म्हणाली.

"नाही चुकलं. चुकणारा माणूस रोज वेगळं चुकतो. माझं रोज अधिक एकच येतं. म्हणजे एक मोठा पत्ता कमी आहे... पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला."

तिच्या कानशिलांची आग झाली. "मग... येत का राहिलात?"

त्यानं एकावन्न पत्ते नीट जुळवून तिच्यापुढं सरकवले. तिनं डब्याखालची राणी काढून त्याच्यापुढं ठेवली.

"घ्या. झालं शून्य. आता जा."

"जाऊ?"

तिनं मान डोलावली. त्यानं बॅग उचलली. जिन्यावरची पावलं विरली तशी ती गॅलरीत आली. खाली तो रिक्षाला हात करत होता, समोरच्या कारखान्यात लूम धडधडत होते. आता कोण ऐकतंय, म्हणून तिनं आवाज न काढता म्हटलं, "जाऊ नका. मला एकटीला जेवण जात नाही हो."

त्यानं वर बघितलं होतं.

रिक्षा तशीच पुढं गेली. त्यानं बॅग जमिनीवर ठेवली आणि लूमवाल्यांच्या खणखणीत आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "भात किती टाकलाय?"

जयश्रीनं डोळे पुसले. या वेळी तिनं आवाज काढला.

"दोघांचा."