सातवं मत

छाननीच्या दिवशी अवकाळी पाऊस लागला होता. धड कोसळत नव्हता, धड थांबत नव्हता. शेतात कापलेल्या धानाच्या कडपा भिजत पडल्या होत्या, आणि तालुक्याच्या सहकार ऑफिसच्या व्हरांड्यात सगळी माणसं तोंड पाडून आभाळाकडे बघत उभी होती.

बाकावर जरा जागा दिसली म्हणून मी बसले. शेजारी एक मुलगा होता... शर्ट अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी गळतंय, आणि छातीशी प्लॅस्टिकची पिशवी घट्ट धरलेली.

"तुमच्या ओढणीवर पाणी पडून राह्यलं," तो म्हणाला, आणि उठून गळक्या पत्र्याखालच्या माझ्या जागी स्वतः बसला. मला कोरडी जागा दिली.

"आता तुमच्यावर पडते ना!"

"मी तं आधीच ओला आहो. मले का फरक पडते?"

मला हसू आलं. "का काम काढलं इथी?"

"आक्षेप द्याले आलो. आमच्या सोसायटीची निवडणूक आहे. अध्यक्षाच्या पोरीचा फॉर्म उडवाचा आहे."

मी ओढणी पिळायला घेतली. "का चुकलं तिचं?"

"आधार कार्डावर दिव्यानी, मतदार यादीत दिव्यांनी. एका टिंबाचा फरक." त्यानं मान खाली घातली. "रामाजीभाऊनं धाडलं. आमच्या पॅनेलचे मुख्य तेच. पण खरं सांगू... लाज वाटून राह्यली. एका टिंबासाठी एवढा भिजत आलो."

"पाह्यली का कधी त्या पोरीले?"

"नाई. चंद्रपूरले शिकत होती म्हणते. घमंडी असन. बाप तीन टर्म अध्यक्ष..."

"असन," मी म्हणाले. "नाकही मोठं आहे म्हणते तिचं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या नाकाकडे. तेवढ्यात आतून शिपायानं हाक दिली, "दिव्यानी देवाजी!" मी उठले. मागे वळून पाहिलं नाही, पण त्याचा चेहरा कसा झाला असेल ते मला न बघता दिसत होतं.

आत निवडणूक अधिकाऱ्यांनी विचारलं, "या फॉर्मवर कोणाचा आक्षेप?"

तो दारात उभा होता. पिशवीतला कागद त्यानं बाहेर काढलाच नाही. "नाई साहेब."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"पावसात अडकलो जी."

त्याचं नाव प्रफुल. आमच्या चिखलबोडीच्या तलावापलीकडे मासेमारी करणाऱ्यांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती आहे, तिथला. तलावात जाळं आणि दोन एकर धान, एवढ्यावर त्याचं घर चालायचं. सोसायटी पाच गावांची, संचालक तेरा. प्रफुल भटक्या-विमुक्तांच्या जागेवर रामाजीभाऊंच्या पॅनेलकडून उभा होता, आणि मी महिलांच्या जागेवर बाबांच्या पॅनेलकडून. "एक मत घरचं असलं की बरं असते," बाबा म्हणाले होते. मला त्या वेळी त्यात काही वाईट वाटलं नव्हतं.

प्रचारासाठी मी टोल्यावर गेले तेव्हा एका अंगणात एक बाई जाळं विणत बसली होती. सुकरीबाई, प्रफुलची आई. तिनं मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं, आणि मग शांतपणे म्हणाली, "मत मागू नको बाई. मले मतच नाई."

"काऊन?"

"सभासदच नाई मी. एका घरातून एकच पुरे, म्हणते तुहा बाप. चार वर्सं झाले अर्ज देऊन. एकटीचा नाई, टोल्याचे एकेचाळीस अर्ज आहेत. तुह्या बाबाकडे गेलं की म्हणते, सचिव नाई. सचिवाकडे गेलं की म्हणते, अध्यक्षाची सही नाई." तिनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "सातबारा माह्या नावावर. मागच्या साली खरेदी केंद्रावर आठ दिवस माहा धान उघड्यावर पडून होता. आधी सभासदाचा मोजते ना. पोत्यातच कोंब फुटले. तू पाह्यले का कधी पोत्यात फुटलेले कोंब? मोठे हिरवे दिसते."

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं. ते खाटेवर बसून माझ्याच प्रचाराची पत्रकं मोजत होते.

"सभासद केलं तं मत देतीन," ते म्हणाले. "आन् ते मत रामाजीले देतीन. एवढं समजत नाई का तुले, पोरी?"

किती सहज म्हणाले! त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, माझ्याबद्दलची माया होती. माझा बाप वाईट माणूस नव्हता. पुराच्या साली कंबरभर पाण्यातून बियाण्याची पोती त्यांनी गावोगाव पोचवली होती. पण पंधरा वर्षं एकाच खुर्चीत बसून त्यांना तलावापलीकडचं दिसेनासं झालं होतं.

प्रचाराहून परतताना तलावाची पाळ लागायची. प्रफुल तिथे शिंगाडे काढायला यायचा... आणि मला रोजच उशीर व्हायला लागला. थंडीत तलावावर धुकं उतरायचं, पाण्याचा ओला वास यायचा, आणि तो रुमालात बांधलेले उकडलेले शिंगाडे माझ्यासमोर ठेवायचा.

"विरोधी पॅनेलचे शिंगाडे खाल्ले तं चालते का?" मी विचारायची.

"तुमच्या आचारसंहितेत पाहा जी."

"आचारसंहितेत लिहिलं आहे, सोलून देणाऱ्याचेच खावे."

तो सोलून द्यायचा. बोटं काळी व्हायची त्याची. देताना बोटाला बोट लागू नये म्हणून इतकं जपायचा, की पुढचा शिंगाडा घेताना मी मुद्दाम वेळ लावायची.

मतदान झालं. आम्ही दोघंही निवडून आलो. बाबांचे सात, रामाजीभाऊंचे सहा. पंधरा दिवसांनी या तेरा जणांनी अध्यक्ष निवडायचा होता. बाबांनी गुलाल लावून घेतला. मी लावून घेतला नाही. सुकरीबाईचे हिरवे कोंब डोळ्यांसमोरून जात नव्हते. अर्ज पहिल्याच मीटिंगीत घेऊ, असं रामाजीभाऊंनी प्रचारात टोल्यावर सांगितलं होतं.

"तू मत नाई मागत मले," एके दिवशी मी प्रफुलला म्हणाले.

"नाई."

"रामाजीभाऊनं सांगतलं नाई का?"

"रोज सांगते. म्हणते, पोरगी तुह्याशी बोलते, एक मत आण."

"मग?"

त्यानं हातातलं टरफल पाण्यात टाकलं. "मत मागतलं ना दिव्यानी... तं मंग दुसरं काही मागता नाई येणार मले."

"दुसरं का?"

"शिंगाडा खा," तो म्हणाला. "थंडा होऊन राह्यला."

अध्यक्षपदाचं मतदान गुप्त होतं. चिठ्ठ्या डब्यात पडल्या, अधिकाऱ्यांनी टेबलावर उलगडल्या. रामाजी सात. देवाजी सहा.

बाबांचा चेहरा पाहवेना. ते कोणाकडेच न बघता उठले आणि मनकर्णाबाईसमोर जाऊन उभे राहिले. ती महिलांच्या दुसऱ्या जागेवरची, आमच्याच पॅनेलची, एकटीनं लेकरं वाढवणारी विधवा. "तू फुटली," बाबा म्हणाले. "तुले मी घरातून उठवून इथवर आणलं. आन् तू...?"

मनकर्णाबाईनं हात पुढे धरला. "लेकराची आन, भाऊ... मी नाई. लेकराची आन..."

मी गप्प राहू शकले असते. चिठ्ठीवर माझं नाव नव्हतं. पण ती बाई आपल्या लेकरांच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा हात हवेत धरून उभी होती, आणि ते मला बघवलं नाही.

"बाबा, मनकर्णाबाई नाई. मी."

बाबांनी फार हळू विचारलं, "टोल्याच्या त्या पोरासाठी?"

"टोल्याच्या अर्जासाठी."

"खोटं नको बोलू," ते म्हणाले. पाळीवरच्या गाठीभेटी त्यांच्या कानावर आल्या होत्या तर.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना आई आम्हा दोघांच्या मध्ये बसायची. "बापाले सांगून तं करायचं होतं व," ती म्हणायची. मी विचारलं, "सांगतलं असतं तं देऊ दिलं असतं का मत?" ती माझ्या ताटात पुन्हा भात वाढत राहिली.

प्रफुललाही आनंद झाला नव्हता. पाळीवर आला तो रिकाम्या हातानं. "लोकं म्हणून राह्यले, मी तुले फसवलं. आता भेटू नको मले. तुह्या मतावर डाग लागन." आणि तो खरंच दिसेनासा झाला. मी त्या वाटेनं जायची, धुक्यात नाव रिकामी बांधलेली असायची.

महिन्याभरात बाबांच्या पॅनेलनं तक्रार टाकली. प्रेमाचं आमिष दाखवून मत फोडलं, निवड रद्द करा. सुनावणी त्याच तालुक्याच्या ऑफिसात. बाबा समोरच्या खुर्चीवर, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले. आधी प्रफुलला उभं केलं.

"दिव्यानी देवाजी यांच्याशी तुमचे काय संबंध आहेत?"

तो जमिनीकडे बघत पाठ केल्यासारखं बोलला. "माझे त्यांच्याशी कोणतेही संबंध नाहीत. संचालक म्हणून ओळख आहे. तेवढीच."

मला कळत होतं. तो मला वाचवत होता. तरी 'तेवढीच' हा शब्द मला लागलाच. मग साहेब माझ्याकडे वळले. "तुमचं म्हणणं?"

'तेच' एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण एकदा मी बाबांना खरं सांगितलं होतं आणि त्यांनी ते खोटं ठरवलं होतं. आता त्यांच्यासमोर मी खरोखरच खोटं बोलू?

"साहेब, ते खोटं बोलून राह्यले," मी म्हणाले. "माझं प्रेम आहे त्यांच्यावर. त्यांनी मले मत कधीच मागतलं नाई. मागतलं असतं तं... प्रेम राह्यलं असतं का नाई, माहीत नाई. मत मी एकेचाळीस अर्जांसाठी दिलं. ते चार वर्षं आमच्या घरच्या सहीसाठी पडून होते. प्रफुलसाठी मत नाई दिलं मी. त्यांच्यासाठी जे आहे, ते वेगळं आहे."

लिहून घेणाऱ्या बाबूनं पेन थांबवलं. "साहेब... हे सगळं लिहू?"

"लिहा," साहेब म्हणाले. "शब्दन् शब्द."

बाबांनी टोपी घातली आणि कोणाची वाट न बघता निघून गेले. मी बाहेर आले तेव्हा ते रस्त्याच्या टोकाशी बस स्टँडकडे चालले होते, पाठीत जरा वाकलेले. मी हाक मारली नाही.

"काऊन सांगतलं?" प्रफुल मागून म्हणाला.

"तू काऊन लपवलं?"

"तुह्यं मत वाचवाचं होतं."

"माहं मत मी वाचवीन." माझा आवाज फुटला. "किती दिवस वाट पाह्यली, तू काहीतरी बोलशील म्हणून... आणि बोलला तं का बोलला? कोणतेही संबंध नाहीत!"

डोळे भरले होते त्याचे, पुसलेही नाहीत.

"आहेत," तो म्हणाला. मग पुन्हा, "आहेत, दिव्यानी."

तक्रार फेटाळली गेली. गुप्त मतदानात कोणी कोणाला का मत दिलं हे विचारता येत नाही, असं निकालात लिहिलं होतं. पण रामाजीभाऊही काही वेगळे निघाले नाहीत. दोन मीटिंगा झाल्या, एकेचाळीस अर्जांचा विषय दोन्ही वेळा पुढे ढकलला. तिसऱ्या मीटिंगीत प्रफुल उठला. "आज विषय घ्या भाऊ. नाई तं मी राजीनामा देतो. मंग राहा सहा-सहा." त्या दिवशी अर्ज मंजूर झाले. बाबा त्या मीटिंगीला होते. हात वर केला नाही त्यांनी, विरोधही केला नाही.

आणि मग एका सकाळी सुकरीबाई आमच्या अंगणात आली. नवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन. आईनं तिला बसायला सतरंजी टाकली. ती बसली नाही.

"देवाजीभाऊ, पोराले तुमची पोरगी मागाले आली."

बाबा दारात उभे होते. बोलले ते तिच्याशीच, माझ्याकडे न बघता. "चार वर्सं तुहा अर्ज अडवला मी, सुकरी. पोरीले अडवत नाई." ते उंबऱ्यावरून आत वळले. "पण मांडवात मी येणार नाई."

लग्न जेठात झालं, टोल्यावर. आई आली, मामा आला, मनकर्णाबाई पहाटेपासून हळद वाटायला आली. वऱ्हाड उन्हात बसलं होतं. मुहूर्ताची वेळ झाली आणि गुरुजींनी अंतरपाट मागितला तेव्हा मी नकळत पाळीकडे पाहिलं. पलीकडून गावाची वाट येते ती तिथूनच.

प्रफुलच्या ते लक्षात आलं. तो वाकून हळूच म्हणाला, "थोडं थांबाचं का?"

मी हो म्हणून मान हलवली.

सगळा मांडव थांबला. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं, सुकरीबाईनं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. पाळीवरून दोन बायका घागरी घेऊन आल्या. एक सायकलवाला आला, पुढे निघून गेला. मग वाट नुसती उन्हात पांढरी होऊन पडून राहिली.

आईनं पदर तोंडाला लावला तेव्हा मीच म्हणाले, "धरा जी अंतरपाट."