घडीतलं गाव

ओकिनूचं आयुष्य कागदाला घड्या घालण्यात गेलं होतं. क्योतोच्या पुलापलीकडच्या त्या गल्लीत सगळे पंख्यांवरच जगत; कुणी कागद चिकटवी, कुणी बांबूच्या काड्या तासी. त्या वसंतात दुकानदाराने नवीनच शक्कल काढली होती. तळ्याकाठचा रस्ता, त्यावरची गावं आणि देवळं लाकडी ठशांनी छापून घडीच्या पंख्यावर चढवायची, म्हणजे प्रवाशाला वारा घेता घेता वाटही शोधता येईल. पहिला तयार पंखा दुकानाचा कारकून मोंजी नमुना म्हणून घेऊन गेला. जाताना दारातच त्याने तो हौसेने चार वेळा उघडला, मिटला. ओकिनूचं तिकडे लक्ष नव्हतं. एकुलती लेक ओसायो पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि ठरलेला दिवस उलटून गेला होता.

काड्या घालायचं काम शेजारच्या जिंपाचीचं. काडी शिरायला कागदाच्या पदरांत फुंकर मारून वाट करावी लागते. त्या दुपारी फुंकर मारली आणि तो थबकला.

"काकू, तुमचा कागद उलट फुंकतोय."

"दुपारची जरा कमी घेत जा."

"आज घेतलीच नाही हो. नाक लावून बघा..."

ओकिनूने नाक लावलं. आतून तळ्याचा वास आला, शेवाळाचा, ओल्या जाळ्यांचा. लेक माहेरी आली की तिच्या कपड्यांना असायचा तोच. आणि आत कुणीतरी धापा टाकत होतं. तिने कागद उजेडात धरला. घडीची रेघ बरोबर इसोउरावरून गेली होती. ओसायोच्या सासरचं गाव अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे. घडी कुठल्या गावावर पडते हे कोण बघत बसतो? तिनेही बघितलं नव्हतं. उलट गेले कित्येक दिवस गठ्ठे बांधून, घड्या पक्क्या बसाव्यात म्हणून ती त्यांवर लाकडी मोगरीचे घाव घालत होती.

तेवढ्यात दाराशी डोली थांबली. ओसायो उतरली, पोट सांभाळत, पांढरीफटक. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक बारीक सरळ रेघ होती. ओकिनूने अंगठ्याने चोळली, ती गेली नाही.

"चटईचा वळ असेल, आई." ओसायो टेकून बसली. "अलीकडे मध्येच अंधार होतो. दोन्हीकडून भिंती जवळ येतात... मग दणके बसतात. सासूबाई म्हणतात, पोटुशीला व्हायचंच असं. पण तेव्हा पोटातलंही हलत नाही गं."

ओकिनू गठ्ठ्यांकडे धावली. तिने गठ्ठ्यांवरचे दगड ढकलले आणि एकेक कागद उलगडून ओल्या फडक्याने सपाट करायला लागली. सगळ्या हंगामाचं काम पाण्यात चाललं होतं, पण जिंपाचीही निमूट हाताखाली आला. जसजसे कागद उघडत गेले तसतसा ओसायोचा श्वास लांब होत गेला. तिने भात मागितला, लोणच्याशी दोन वाट्या खाल्ला. सासूची नक्कलही करून दाखवली. ओकिनूला रडूच फुटलं. लेक परत मिळाली होती.

"बाळाचं नाव सासूबाईंनी..." ओसायो म्हणाली आणि थांबली.

तोंड उघडं, डोळे मिटलेले, जेवणाच्या काड्यांतला घास हवेतच. श्वास नव्हता. ओकिनूने पोटावर तळवा ठेवला, तिथेही काहीच नाही.

"...ठरवूनही टाकलंय," ओसायो म्हणाली आणि घास तोंडात घातला.

जिंपाचीचा चेहरा उतरला. काड्या घालून पुरता झालेला पंखा एकच होता, मोंजीने नेलेला.

तो दुकानाकडे धावला. परत आला तो दारातच उभा राहिला. पंखा दुकानात कालपर्यंत उघडा मांडलेला होता. आज दुपारी दूर एदो शहराकडे निघालेल्या कुणा गृहस्थाने तो घेतला, मिटून कमरेला खोचला आणि तो वाटेला लागला. नाव कुणीच विचारलं नव्हतं.

मग दोघं नुसती बसून राहिली. ओसायो बोलता बोलता थांबे, पुन्हा बोलू लागे. रस्त्यावर ऊन होतं. तो माणूस घाम आला की वारा घेत असणार. ऊन असंच राहावं म्हणून ओकिनू मनात देवाची विनवणी करत होती.

सूर्य डोंगराआड गेला. नदीवरून झुळूक आली.

"आई, गार वाजतंय. दार जरा..." ओसायो म्हणाली.

ओकिनू तिच्या पोटावर हात ठेवून वाट बघत राहिली. बाहेर वारा चांगलाच गार सुटला होता. अशा हवेत पंखा कुणी उघडत नाही.