खाच नसलेला कान

शिवप्पानं जाळं टाकलं कुत्र्यावर, अडकली राजकन्या.

लातूरच्या क्लासच्या गल्लीत महापालिकेची कुत्री धरायची गाडी शिरली, तेव्हा बिलोलीहून मावशीच्या मेसला हातभार लावायला आलेली ही पोरगी पायरीवर काळ्याला कवटाळून बसली होती.

"काळ्याला न्यायचं न्हाई!" ती जाळ्यातूनच फणकारली.

"मारत न्हाई हो. ऑपरेशन, इंजेक्शन, मग इथंच आणून सोडतो. कानाला खाच पडली की पुन्हा कुणी धरत न्हाई."

"आन् मला कवा सोडणार?"

"तुम्हाला... घाई हाय का?"

काळ्या खाच घेऊन परतला. शिवप्पा मात्र परत परत येऊ लागला. कधी जखम बघायला, कधी पाणी प्यायला. क्लासची पोरं राजकन्येला ताई म्हणत, दूधवाला ताई म्हणे. शिवप्पानं ती चूक एकदाही केली नाही. माणसाचा हिशेब असाच कळतो.

मग गल्लीत खाच नसलेला कान उरला नाही. गाडी यायची थांबली. मेसची पोरं राजकन्येच्या हातचं खारट वरण मुकाट खाऊ लागली. शेवटी कुत्र्यासाठी भांडलेल्या या पोरीनं स्वतःच महापालिकेला फोन लावला — गल्लीत एक मोकाट कुत्रं शिरलंय!

भुरभुर पावसात शिवप्पा जाळं घेऊन हजर.

"कुठाय?"

"पळालं."

"दिसाया कसं होतं?"

"उंच... सावळं..." ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली. "लई भित्रं. दारात येतं, पाणी पितं, आन् बोलायचं तेवढं ठेवून जातं."

"चावतं?"

"न्हाई. झोपू देत न्हाई."

तो हसला... आणि जाळं गुंडाळू लागला. "आमच्या ठेकेदाराला नांदेडचं काम मिळालंय, उद्या गाडी तिकडं चालली. तिथलं काम वर्षभर तरी सरत न्हाई."

गाडीतून मलप्पा ड्रायव्हरनं हॉर्न दाबला.

"जावा मग," ती म्हणाली. तो हलला नाही.

"नांदेडहून बिलोलीला यष्टी हाय. तुमच्या घरी आलो तर... हाकलतील?"

"कोण म्हणून याल?"

"तेच तर तुम्हाला विचारून राहिलो."

राजकन्येला उत्तर पाठ होतं, ओठांवर मात्र एवढंच आलं — "या."

गाडी गेली. ती आत आली, तर मावशी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सापडलं का कुत्रं?"

"...हाव."

"मग आईला फोन कर. काय काम करतो तेबी आत्ताच सांग. लपवलेलं लई भुंकतं, बाई."

राजकन्येनं फोन उचलला. खिडकीतून ओल्या, रिकाम्या गल्लीकडं बघत तिनं आईचा नंबर लावला.