दाजीने नाकारलेली नोट

कालपर्यंत चालणारं कार्ड आज का चालत नाही? त्याला कुठे चीर गेली नव्हती, ते पाण्यात पडलं नव्हतं, मुदतही संपली नव्हती. तरी केतकीच्या आजीने ते यंत्राला टेकवलं की तांबडा दिवा लागत होता.

"पुन्हा एकदा टेकवून पाहा, आजी," दाजी म्हणाला.

दाजी म्हणजे सोसायटीच्या दुकानातला यंत्रमानव. कराडच्या या नव्या वसाहतीत माणसाने चालवलेलं दुकान उरलंच नव्हतं. तो नवा आला तेव्हा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा ताठ उभा राहायचा, म्हणून कुणीतरी त्याला दाजी म्हटलं आणि तेच नाव पडलं.

आजीला फक्त लिमलेटच्या गोळ्या हव्या होत्या. आप्पाआजोबांच्या सदऱ्याच्या खिशात त्या कायम असत. उद्या आप्पांचा दहावा होता. संगमावर पिंड ठेवायचा, शेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचं काही ठेवायचं, म्हणजे कावळा लवकर शिवतो, असं घरात मानत.

"आईला बोलावू? ती तिच्या कार्डाने घेईल," केतकी म्हणाली.

"नको. बाकी सगळं तुझी आई करतेच आहे. एवढं माझ्याकडून जाऊ दे."

आजीने कमरेच्या पिशवीतून वीस रुपयांची नोट काढली. आप्पांचा सदरा धुवायला टाकताना ती खिशात सापडली होती.

"क्षमा करा," दाजी म्हणाला, "इथे रोख चालत नाही."

मागे रांग वाढत होती. एक गृहस्थ पुढे झाले. "मी देतो ना आजी. वीस रुपयांचं काय एवढं?"

"तुम्ही कशाला? तुमचे कोण लागत होते ते?" आजी म्हणाली. गृहस्थ मागे सरकले.

केतकीला राग आला. "दाजी, हे कार्ड बिघडलंय का?"

"कार्ड उत्तम आहे."

"मग खात्यात पैसे नाहीत?"

"खात्यात पैसे आहेत."

"मग झालंय काय?"

"खातेदार हयात नाहीत. हे त्यांच्या खात्यावरचं पुरवणी कार्ड आहे. कृपया पुढच्या ग्राहकाला जागा द्या."

हे त्याने वांग्यांचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं.  आजी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली.

"बसते मी इथे," ती म्हणाली. "गोळ्या मिळाल्या की उठेन."

केतकी आईला घेऊन आली. आई, म्हणजे सुनंदा, रेडिओ लहरींवर संशोधन करायची. ते काम तिने आप्पांकडूनच उचललं होतं, कारण आप्पांनी उभं आयुष्य अशी कार्डं घडवण्यात घालवलं होतं. आई आजीशेजारी पायरीवर बसली आणि तिने केतकीचं दप्तर ओढून घेतलं. त्याला तांब्याच्या बारीक तारेचं एक चौकोनी वेटोळं लटकत होतं. एक जुनं कार्ड द्रावणात विरघळवून आप्पांनीच ते केतकीला काढून दिलं होतं.

"हे प्रत्येक कार्डाच्या पोटात असतं," आई म्हणाली. "कार्डात बॅटरी नसते. दुकानातलं यंत्र स्वतःभोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र (चुंबकाचा जोर जाणवतो तेवढी जागा) तयार करतं. त्यात हे वेटोळं आलं की तारेतून वीज वाहू लागते. याला प्रवर्तन (न शिवता वीज निर्माण करणं) म्हणतात. तेवढ्या विजेवर कार्डातली चिप जागी होते."

"म्हणून अगदी जवळ धरावं लागतं?"

"हो. चार बोटं लांब गेलं की ती पुन्हा झोपते. जागी झाली की ती एक सांकेतिक आकडा (एकदाच चालणारी गुप्त खूण) पाठवते. यंत्र तो बँकेला पाठवतं आणि विचारतं, याला देऊ का? बँक हो म्हणाली तर हिरवा, नाही म्हणाली तर तांबडा."

केतकी वेटोळ्याकडे बघत राहिली. "म्हणजे कार्डात पैसे नसतातच. कार्ड म्हणजे नुसता प्रश्न."

"बरोबर. आणि आता मृत्यूची नोंद झाली की बँकेला आपोआप कळतं. बँकेने उत्तर बदललं. चूक कुणाचीच नाही. त्याचाच संताप येतो. तुझ्या आजीने पन्नास वर्षं घर चालवलं आणि एका नोंदीसरशी ती दुकानात कुणीच उरली नाही."

तेवढ्यात सोसायटीचे सचिव पिसाळकाका आले. दाजीनेच त्यांना कळवलं होतं, दारात अडथळा आहे म्हणून.

"काकू, असं बरं दिसतं का?" ते म्हणाले. "गोळ्या घरी पाठवून देतो, फुकट."

"फुकट कशाला? मी मागायला आलेय का?"

"रोख बंद करायचा ठराव सभेत झालाय. सुटे, फाटक्या नोटा, गल्ल्यातली तूट, सगळी कटकट संपली. कार्ड हरवलं तर बंद करता येतं. नोट हरवली की गेली."

"तुमचं खरं आहे," आई म्हणाली. "मीही कार्डच वापरते. पण जे हरवल्यावर बंद करता येतं, ते न हरवताही बंद करता येतं. त्या दिवशी माणसाने काय करायचं, ते सभेत कुणी विचारलं?"



केतकीने आजीच्या हातातली नोट घेतली. "काका, यावर लिहिलंय, धारकाला वीस रुपये अदा करायचं वचन. धारक म्हणजे कोण?"

"ज्याच्या हातात नोट आहे तो."

"यावर आप्पांचं नाव नाही?"

"नोटेवर कुणाचंच नाव नसतं, बाळा."

"मग ही आप्पांच्या खिशात होती तेव्हा आप्पांची होती. आता आजीच्या हातात आहे. हिला बँकेला काही विचारावंच लागत नाही. कार्ड प्रश्न विचारतं, नोट म्हणजे उत्तरच. तरी दाजी नाही म्हणतो. ते त्याला कुणी शिकवलं?"

 मघाचे गृहस्थ हळूच म्हणाले, "त्या ठरावाला हात मीही वर केला होता."

पिसाळकाकांनी कमरेच्या जुडग्यातली एक किल्ली शोधली आणि फळीखालचा गंजलेला गल्ला उघडला. "दाजी, रोख घे."

"ठरावानुसार—"

"ठराव रविवारी बदलू. जबाबदारी माझी."

दाजीच्या यांत्रिक हाताला नोट धरायची सवय नव्हती. ती दोनदा खाली पडली. दोन्ही वेळा आजीनेच ती उचलून त्याच्या हातात ठेवली.

परतताना आई म्हणाली, "सोमवारी बँकेत जायचं, आई. तुझं स्वतःचं खातं, तुझ्या नावाचं कार्ड."

"जाऊ," आजी म्हणाली. "पण तो गल्ला उघडा राहिला पाहिजे."

केतकीच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. "आई, नोटेसारखं कार्ड करता येईल? कुणाला न विचारता चालणारं?"

"अवघड आहे. नोट एका वेळी एकाच हातात असते. आकड्याची मात्र नक्कल होते, तोच आकडा दोन दुकानांत देता येतो. ते न विचारता कसं थांबवायचं? आप्पा शेवटपर्यंत त्याच्यामागे होते. त्यांच्या टेबलावर सगळं तसंच आहे. बसशील माझ्याबरोबर?"

केतकीने वेटोळं मुठीत धरलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संगमावर आजीने पिंडाशेजारी लिमलेटची एक गोळी ठेवली, कागद सोडवून. सगळे मागे सरून उभे राहिले. आई पाण्याकडे बघत होती. थोड्या वेळाने एक कावळा उतरला, मान तिरकी करून त्याने गोळी पाहिली, आणि कुणाचंही नाव न विचारता उचलून नेली.